गावाकडची अबोली पुण्यात का टिकत नाही?

सातवीण | ३ फेब्रुवारी, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. आज माझी तिसरी अबोली गेली. चार वर्षांत तिसरी. आता कोणाला तरी नीट विचारल्याशिवाय चौथी लावायची नाही असं ठरवलं, म्हणून हा धागा.

माझं माहेर सावंतवाडीजवळ. घराच्या पायरीला लागून अबोलीची रांग होती. आईने तिला कधी वेगळं खत घातलेलं मला आठवत नाही. भांडी विसळलेलं पाणी तिकडे जायचं, तेवढंच. तरी पावसाळ्याचे मधले दोन महिने सोडले तर रोजच्या वेणीपुरती फुलं निघायची. आई गेल्यावर घर बंद आहे. रांगेतली सात-आठ झाडं शेजारची काकी सांभाळते. मी दर वेळी तिथलंच एक रोप मुळाच्या मातीसकट आणते आणि इथे गच्चीत लावते.

दर वेळी होतं असं: पहिले दोन महिने रोप छान. पाच-सहा तुरे येतात. मग पानं फिकी पडतात, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. पुढे भर दुपारी झाड मान टाकतं, माती ओली असली तरी. संध्याकाळी परत उभं राहतं. मग एक फांदी वाळते, मग दुसरी, आणि महिन्याभरात सगळं संपतं.

केलेले उपाय: शेणखत, १९:१९:१९ खत, एप्सम सॉल्ट, कडुनिंबाच्या तेलाची फवारणी, जागा बदलणं. ऊन सकाळचं चार तास. कुंडी १२ इंची, मातीची. पाणी एक दिवसाआड.

नुसतं फुलझाड हवं असतं तर नर्सरीतून आणून मोकळी झाले असते. मला हीच अबोली हवी आहे.

---

पागोळी | ३ फेब्रुवारी, रात्री ९:५०

सातवीण, वाचून वाईट वाटलं. मी ठाण्यात आहे, माझ्याकडे अबोली सहा वर्षं आहे. मला वाटतं तुमच्याकडची थंडी बाधत असेल. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो. अबोलीचं मूळ घर दक्षिण भारत आणि श्रीलंका, तिला हे झेपत नाही. थंडीत भिंतीच्या आडोशाला ठेवून बघितलं का?

---

निंबोणी | ३ फेब्रुवारी, रात्री १०:२६

पिवळी पानं आणि हिरव्या शिरा म्हणजे लोह कमी पडतंय. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, जास्वंद, अनंत, अबोली सगळ्यांना हाच त्रास. चिलेटेड फेरस मिळतं, लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. पंधरा दिवसांत नवी पानं हिरवी येतात.

---

परसदार | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे जांभ्याची माती. आम्लधर्मी, आणि पाणी थांबतच नाही. अबोलीला मुळाशी साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. घाटावरची काळी माती चिकट असते, तिच्यात पाणी धरून राहतं आणि लोह असूनही झाडाला मिळत नाही. ताई, तुमच्या कुंडीतली माती कुठली? आणि आधी त्या कुंडीत काय होतं?

---

सातवीण | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

@पागोळी, पहिलं झाड ऑगस्टमध्ये गेलं होतं, दुसरं एप्रिलमध्ये. त्यामुळे थंडी हे एकच कारण नसावं.

@निंबोणी, फेरस दिलं होतं. तीन-चार पानं हिरवी आली, मग परत तेच.

@परसदार, रोपाभोवती गावची माती, बाकी गच्चीतलीच. लाल माती आणि घरचं कंपोस्ट, दर वर्षी उलटून सुलटून वापरते. आधी त्यात टोमॅटो होता. त्याच्या आधी वांगी. कुंड्या मोजक्याच आहेत, म्हणून माती फिरत राहते.

---

काळी_माती | ४ फेब्रुवारी, दुपारी २:१५

ताई, टोमॅटो आणि वांगी म्हणालात तिथेच मला शंका आली.

मी कराडकडचा. आमची फुलशेती आहे, निशिगंध आणि झेंडू मुख्य, अबोलीही तीन वर्षं केली. तुम्ही सांगताय त्यातली एक गोष्ट महत्त्वाची: माती ओली असताना दुपारी झाड मान टाकतं. याचा अर्थ पाणी आहे पण मुळं ते वर पाठवू शकत नाहीत. पानावर कितीही फवारलं तरी उपयोग नाही. अबोली खालून मरते, आणि आपण वर बघत बसतो.

वाळलेलं झाड टाकून दिलं नसेल तर एक करा. ओढून उपटू नका, बारीक मुळं तुटून मातीत राहतात. कुंडी आडवी करून मातीचा अख्खा गोळा काढा, बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, मग हलक्या हाताने माती सोडवा. मुळं पांढऱ्या ताटलीत पसरून बघा आणि काय दिसतं ते इथे लिहा.

---

सातवीण | ५ फेब्रुवारी, सकाळी ८:३०

केलं. काल संध्याकाळीच केलं, आणि रात्रभर त्याच विचारात होते.

मुळांवर गाठी आहेत. एकदोन नाही, माळेसारख्या. मोहरीएवढ्या पुष्कळ, मधूनच एखादी मटाराएवढी. मूळ बारीक येतं, फुगतं, परत बारीक होतं, परत फुगतं. नखाने खरवडून बघितलं, निघत नाहीत, मूळच फुगलेलं आहे. पांढरी केसासारखी मुळं जवळजवळ नाहीत. जाड मुळांची साल बोटात सुटून आली, आत तपकिरी. कुजकट वासही होता.

खोडाच्या आजूबाजूला मी किती वेळा खत घातलं. खाली हे चाललं होतं.

---

काळी_माती | ५ फेब्रुवारी, दुपारी १:०२

हे सूत्रकृमी. मुळांवर गाठी करणारे. डोळ्यांना दिसत नाहीत एवढे बारीक जंत. मुळात शिरतात, एका जागी बसून रस शोषतात, आणि त्यांच्याभोवतीच्या पेशी फुगून गाठ होते. पाणी आणि अन्न वर नेणारा रस्ता तिथेच तुंबतो. म्हणून पानं भुकेली दिसतात. निंबोणींनी ओळखलेली लोहाची कमतरता खरीच होती, पण मूळच निकामी असल्यावर फेरस पुरं पडत नाही.

तुम्ही खरवडून बघितलंत ते चांगलं केलंत. हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या चांगल्या जिवाणूंच्या, मुळाला बाहेरून चिकटलेल्या, नखाने सहज सुटतात. या सुटत नाहीत.

कुजकट वास म्हणजे मागोमाग बुरशी आली. सूत्रकृमींनी जखमा केल्या की मर रोगाची बुरशी त्यातून आत जाते. अबोलीच्या शेतात ही जोडी कायमची. आमची तीन वर्षांची अबोली याच जोडीने काढायला लावली.

टोमॅटो, वांगी, भेंडी, मिरची या सगळ्यांवर हेच सूत्रकृमी वाढतात. टोमॅटो जोमदार असतो, गाठी घेऊनही फळं देऊन जातो, म्हणून आपल्याला कळत नाही. त्याच मातीत अबोली लावली की ती मरते. माती फिरवत राहिलात म्हणजे तुमच्या बहुतेक कुंड्यांत हे असणार. टोमॅटोचं वाळलेलं झाड असेल तर त्याचीही मुळं धुऊन बघा.

---

ओंजळ | ५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४८

आमच्या माळीकाकांनी अशा वेळी फोरेटचे दाणे टाकायला सांगितलं होतं. लगेच फरक पडतो म्हणे. कुठे मिळतं का बघा.

---

काळी_माती | ५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

ओंजळ, कृपा करून नको. फोरेट अत्यंत जहाल विष आहे आणि भारतात २०२० च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे. कोणाच्या गोदामात जुनं उरलं असेल तरी घेऊ नका. कुंडीची जागा म्हणजे घराची जागा. मुलं मातीत हात घालतात, चिमण्या दाणे टिपतात, आणि ही फुलं केसांत माळायची आहेत. शेतात ही विषं हाताळून आजारी पडलेली माणसं मी जवळून बघितली आहेत. या बाबतीत मी तडजोड करत नाही.

---

परसदार | ५ फेब्रुवारी, रात्री ८:११

काळी_माती यांना पूर्ण अनुमोदन.

---

सातवीण | ५ फेब्रुवारी, रात्री ९:३५

टोमॅटोची मुळं बघितली. तिथेही गाठी. दोडक्याच्या कुंडीतही.

सगळी माती फेकून द्यायची का? गच्चीवर अंदाजे २५ कुंड्या आहेत, आणि ते कंपोस्ट मी सहा वर्षं घरी केलेलं आहे.

---

काळी_माती | ६ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

फेकू नका. पुण्याचं एप्रिल-मेचं ऊन फुकट आहे, तेच वापरायचं.

माती कुंड्यांतून काढा, मुळांचे तुकडे शक्य तितके वेचून काढा, गाठी त्यांतच असतात. ते कंपोस्टमध्ये टाकू नका, वाळवून जाळा. गच्चीत उन्हाच्या जागी प्लास्टिकवर मातीचा चार-सहा इंचांचा थर पसरा. ओलसर करा, चिखल नाही, मुठीत दाबली की गोळा व्हावा इतपत. वरून पारदर्शक प्लास्टिक ताणून घाला, काळं नको. काळं प्लास्टिक स्वतः तापतं, पारदर्शकातून ऊन थेट मातीत उतरतं. कडा विटांनी आणि मातीने बंद करा, वाफ बाहेर जाता कामा नये. चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. ओलावा असला की उष्णता खोलवर पोचते, कोरड्या मातीत तितका परिणाम होत नाही.

या उन्हात चांगले जिवाणूही कमी होतात. म्हणून नंतर गांडूळखत आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) मिसळायचं. १२ इंची कुंडीला साधारण १०० ग्रॅम निंबोळी पेंड घाला, पाणी घाला आणि पंधरा दिवस थांबा. पेंड कुजताना गरम होते, लगेच रोप लावलं तर मुळं भाजतात. रिकाम्या कुंड्या घासून उकळत्या पाण्याने धुवा.

उन्हाला न लावलेल्या कुंड्यांत तीन-चार महिने मखमलचा झेंडू दाट लावा. त्याच्या मुळांत सूत्रकृमींना मारक द्रव्य असतं. नुसतं एक झाड शेजारी लावून काम होत नाही, कुंडी झेंडूनेच भरली पाहिजे, आणि त्या काळात दुसरं काही नको.

आणि गावाहून मुळासकट रोप आणू नका. परसातली माती म्हणजे तिथले जंतही आले. जमिनीत अबोलीची मुळं लांब पसरतात म्हणून ती तग धरते, कुंडीत तिला पळायला जागा नसते. बी आणा.

---

गुलबक्षी | ६ फेब्रुवारी, दुपारी १२:१७

मी बंगळूरला असते, इथे हिला कनकांबर म्हणतात आणि बाजारात मोगऱ्याच्या बरोबरीने विकली जाते. बियांबद्दल एक सांगायचं होतं.

सगळ्याच अबोलींना बी धरत नाही. नर्सरीत मोठ्या फुलांची, तजेलदार केशरी अबोली मिळते, तिला इकडे दिल्ली कनकांबर म्हणतात. ती त्रिगुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच. त्यामुळे तिला बी होत नाही, शेंड्याच्या तीन-चार इंचांच्या काड्या लावूनच वाढवतात. माझ्या ओळखीतल्या दोघीतिघी वर्षभर तिच्या बियांची वाट बघत बसल्या होत्या. हेसरघट्ट्याच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनेही अर्का अंबरा, अर्का कनका असे वाण काढले आहेत.

सातवीण, तुमच्या आईची जर पायरीजवळ आपोआप उगवत असेल तर ती बियांची देशी अबोली. रंग कसा आहे? फिका केशरी की लालसर?

---

सातवीण | ६ फेब्रुवारी, दुपारी ३:४४

लालसर केशरी. आमच्याकडे रतन अबोली म्हणतात. आणि हो, आपोआप उगवायची! पहिला पाऊस झाला की पंधरा-वीस दिवसांनी पायरीच्या फटींतून रोपं. आई उपटून रांगेत नेऊन लावायची.

---

परसदार | ६ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:३०

ती रोपं आपोआप आलेली नसतात ताई, झाडाने फेकलेली असतात. अबोलीचा तुरा वाळून गवताच्या रंगाचा झाला की आतली बोंडं तयार असतात. प्रत्येकात चारपर्यंत बिया. बोंड कोरडं असेपर्यंत गप्प, पण पाण्याचा थेंब लागला की टक् आवाज करून उलतं आणि बी पार लांब उडतं. इंग्रजीत तिला फटाक्याचं फूल म्हणतात ते यावरूनच. कोरांटी, अडुळसा ही तिच्याच कुळातली. लहानपणी आम्ही रुवेलियाच्या शेंगा तोंडात ओल्या करून एकमेकांच्या अंगावर फोडायचो, तोच प्रकार.

म्हणून बी धरायचं तर पाऊस पडायच्या आत अख्खा तुरा कापायचा. काकींना सांगा, मार्च-एप्रिलमध्ये काही तुऱ्यांची फुलं काढून झाली तरी तुरे खुडू नका, झाडावर वाळू द्या. एरवी फुलं काढून झाली की तुरा खुडलेला चांगला, नवे लवकर येतात.

---

हिमपर्ण | ७ फेब्रुवारी, पहाटे ४:०५

न्यू जर्सीहून वाचतेय. माझं आजोळ मडगावचं. इथे अबोली घरात ठेवायचं शोभेचं झाड म्हणून उन्हाळ्यात मिळते, फिकट केशरी, मोठ्या फुलांची. गेली पाच वर्षं माझ्याकडे एक आहे. सप्टेंबरच्या शेवटी रात्री १३ अंशांच्या खाली जायला लागल्या की कुंडी आत येते, दक्षिणेच्या खिडकीत. हीटरने हवा कोरडी होते आणि कोळी ही बारीक कीड लागते, म्हणून खाली खडे घातलेली पाण्याची ताटली ठेवते. मार्चमध्ये अर्धी छाटते. जूनपासून फुलं.

तेवढ्या फुलांत वळेसर, म्हणजे केसांत माळायची वेणी, होत नाही. पण आजी गेल्या त्या महिन्यात सतरा फुलं निघाली होती, ती दोऱ्यात ओवून फोटोला घातली. अबोलीला वास नाही, तरी घर भरल्यासारखं वाटलं.

कोणी वळेसर बांधायची पद्धत लिहील का? आजीचे हात आठवतात, कृती आठवत नाही.

---

पागोळी | ७ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

हिमपर्ण, मला सासूबाईंनी शिकवलेली लिहिते. सुईदोरा नाही. केळीच्या सोपटाचा दोर घ्यायचा, पाण्यात भिजवलेला, म्हणजे फूल कापलं जात नाही. फुलं तुऱ्यातून ओढून काढायची, देठासारखी दिसते ती फुलाचीच नळी असते, दोन सेंटिमीटरभर, अगदी नाजूक. दोन फुलं एका बाजूला, दोन उलट बाजूला, नळ्या एकमेकींवर फुली करून ठेवायच्या आणि दोराचा एक वेढा घालून अंगठ्याने मागे सारायचं. पाकळ्यांचा पंखा बाहेर राहिला पाहिजे. अबोलीची पाकळी एकाच बाजूला पसरते, म्हणून वळेसर भरगच्च दिसतो. वेढा सैल झाला तर नळी निसटते, घट्ट झाला तर तुटते. पहिले चार-पाच वळेसर बिघडतीलच. दोर मिळाला नाही तर जाड सुती दोरा ओला करून घ्या.

आदल्या संध्याकाळी काढून ओल्या फडक्यात ठेवलेली फुलं दुसऱ्या दिवशीही ताजी असतात. मोगऱ्याचं तसं नाही.

---

हिमपर्ण | ७ फेब्रुवारी, रात्री ८:५२

अंगठ्याने मागे सारायचं! तेच आठवत नव्हतं. खूप खूप आभार.

---

सातवीण | १९ एप्रिल, रात्री ९:०४

धागा वर आणतेय.

सहा कुंड्यांची माती ६ एप्रिलपासून प्लास्टिकखाली आहे. दुपारी वरून हात ठेवला तर चटका बसतो. प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब लोंबतात, सकाळी दिसतात, दुपारी नाहीसे होतात. दहा कुंड्यांत मखमल लावला आहे. बाकीच्या नऊ पुढच्या वर्षी, एवढं उचलणं एकटीने झेपत नाही.

काकीने तुरे पाठवले. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर कापडी पिशवी, सावंतवाडीहून गाडीने. एकवीस तुरे. पिशवीवर तिने 'पावसात उघडू नको' असं लिहिलंय.

---

परसदार | २० एप्रिल, सकाळी ७:१५

काकींना नमस्कार सांगा. कोरड्या डब्यात ठेवा, फ्रीजमध्ये नको.

---

सातवीण | ९ जून, रात्री ८:४०

माती २० मे रोजी उघडली. निंबोळी पेंड, गांडूळखत, ट्रायकोडर्मा घालून ठेवली. परवा पेरणी केली.

पेरणीआधी एक तुरा मुलीला दाखवायला ताटात ठेवला आणि चमच्याने पाणी शिंपडलं. मिनिटभर काहीच नाही. मग टक्. मग टक् टक् टक्, तुरा जागच्या जागी हलायला लागला आणि बिया फ्रीजला, डब्यांना, तिच्या चष्म्याला लागून उडाल्या. चपटं, तपकिरी, खवलेदार बी, ओलं झालं की बोटाला बुळबुळीत लागतं. आम्ही दोघी ओट्याखाली वाकून वेचत होतो. चौतीस मिळाल्या. उरलेल्यांतले काही तुरे पातळ फडक्यात बांधून ओले केले, म्हणजे बी आतच राहिलं.

पसरट ट्रेमध्ये लावल्या आहेत, वर मातीचा अगदी पातळ थर.

---

काळी_माती | ९ जून, रात्री ९:५८

छान. ट्रे जोराच्या पावसात ठेवू नका, पत्र्याखाली घ्या. पाणी फवाऱ्यानेच. रोपाला सहा पानं आली की कुंडीत हलवा. पहिला तुरा खुडून टाका, जीव होणार नाही तरी खुडा, झाड फुटवे धरतं.

---

सातवीण | २२ जुलै, सकाळी ९:१०

साठ-सत्तर बियांपैकी एकेचाळीस उगवल्या. पहिली रोपं अठराव्या दिवशी दिसली. आज त्यातली आठ कुंडीत लावली.

लावताना एक रोप मुद्दाम पाण्यात धुऊन पांढऱ्या ताटलीत ठेवलं. मुळं पांढरी आहेत, दोऱ्यासारखी सरळ, एकही गाठ नाही. टोकाशी केस एवढे बारीक की पाण्याबाहेर काढलं की चिकटून दिसेनासे होतात. मी बराच वेळ बघत बसले. मग तेही रोप लावून टाकलं, मोठ्या कुंडीत, पायरीजवळ.

फडक्यातलं थोडं बी उरलं आहे, शिवाय दोन तुरे कोरडे ठेवले आहेत. गुलबक्षी, पागोळी, पत्ता निरोपातून कळवा, एकेक तुरा वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवते. पिशवीवर काकीची सूचना लिहीन.

---

पागोळी | २२ जुलै, सकाळी ९:२६

कळवते लगेच. दिवाळीनंतर फुलं आली की रंगाचा फोटो टाका, रतन अबोली मी अजून बघितलेली नाही.